फिनिक्सची टॅक्सी आणि फोंड्याची गाडी

पत्र थोडक्यात असं: फोंडा तालुक्यातल्या एका सेवानिवृत्त शिक्षिकेने ते लिहिलं आहे. वय ६६. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. गाडी नेहमी तेच चालवायचे. बाईंचं लायसन्स जुनं आहे, पण त्यांचं चालवणं बाजार, बँक आणि देऊळ एवढ्यापुरतंच. थोरली बहीण काणकोण तालुक्यात लोलयेला एकटी राहते. महिन्यातून दोनदा तरी तिच्याकडे जाऊन यावं असं बाईंना वाटतं. "आम्ही दोघं जायचो तेव्हा नेहमी त्याच दिवशी परतायचो, मग कितीही रात्र होवो," असं त्या लिहितात. मुलगा अमेरिकेत फिनिक्सजवळ असतो. तिथे तो ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीने फिरतो आणि त्याचे व्हिडिओ आईला पाठवतो. त्याचा आग्रह असा, की जुनी गाडी काढून 'अडास'वालं, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचं, टॉप मॉडेल घे, फरकाचे अडीच लाख मी देतो. शोरूममधल्या मुलानेही सांगितलं, "मॅडम, लेव्हल टू आहे. हायवेवर गाडी स्वतःच चालते, तुम्ही नुसतं बसायचं." बाईंचा प्रश्न: "घाटात आणि रात्री मला माझाच भरवसा वाटत नाही. ही गाडी माझी उणीव भरून काढील का? की माझी भीतीच जुन्या काळातली आहे? नाही म्हटलं तर मुलाला वाईट वाटेल, ते वेगळंच."

नमस्कार बाई,

आधी तुमच्या मुलाची बाजू घेतो, कारण तो खोटं काहीच सांगत नाही. फिनिक्सच्या परिसरात कुणीही फोनवरून टॅक्सी बोलवावी आणि ड्रायव्हरची सीट रिकामी असलेली गाडी येऊन दारात उभी राहावी, हे ऑक्टोबर २०२०पासून चालू आहे. ती सेवा वेमो या कंपनीची. गुगलने २००९मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून ही कंपनी निघाली. स्टिअरिंग आपलं आपण फिरताना दिसतं त्यात कसलीही हातचलाखी नाही.

फक्त त्या टॅक्सीच्या पाठीशी काय काय उभं आहे, ते व्हिडिओत येत नाही. छपरावर लेझर किरणांनी चहूबाजूंचं अंतर मोजणारं लायडार, त्याच्या जोडीला रडार आणि दोन डझनांहून जास्त कॅमेरे. ज्या भागात गाडी फिरते त्या भागाचा बारीकसारीक नकाशा आधीच तयार केलेला असतो आणि त्या हद्दीबाहेर ती जात नाही. गोंधळली तर दूर कुठेतरी बसलेल्या माणसांना विचारते. डेपोत परतली की कंपनीचे लोक तिची देखभाल करतात. त्यात फिनिक्स म्हणजे वाळवंटातलं शहर, रस्ते रुंद, सरळ, आखून काढलेले. तिथे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आपल्याकडे जुलैत कधीकधी दोन-तीन दिवसांत पडून जातो. इतकं सगळं असूनही मे २०२४मध्ये यातल्याच एका रिकाम्या टॅक्सीने तिथल्या एका गल्लीत टेलिफोनच्या खांबाला धडक दिली आणि कंपनीला ६७२ गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. मी ही सेवा वाईट आहे असं म्हणत नाही. पण लाखो मैल चालवूनही अजून दुरुस्त्या चालू आहेत, आणि त्या कंपनी करते, प्रवासी नव्हे. टॅक्सी चुकली तर तुमच्या मुलाला कुणी जबाबदार धरणार नाही. तो मागच्या सीटवर बसलेला प्रवासी आहे.

फोंड्यात तुम्ही घ्याल त्या गाडीत असं काहीच नाही. आरशामागे काचेला चिकटवलेला एक कॅमेरा, पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे रडार, मागच्या कोपऱ्यांत आणखी दोन रडार असले तर असले. नकाशा आखलेला नाही, दूर बसलेला मदतनीस नाही. ड्रायव्हर तुम्ही. गाडीने स्टिअरिंग हलवलं, ब्रेक लावला, वेग वाढवला, तरी कायद्याच्या लेखी आणि विमा कंपनीच्या लेखी ड्रायव्हर तुम्हीच. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी नोकरी ठोकलेल्या गाड्या पाहण्यात गेली. क्लेमच्या फॉर्मवर अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, असा रकाना असतो आणि तिथे माणसाचंच नाव आणि लायसन्स नंबर लिहावा लागतो. ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं आहे. त्यांचं कारण ड्रायव्हरांच्या रोजगाराचं आहे, सुरक्षिततेचं नव्हे, पण निष्कर्ष तुमच्यापुरता एकच.

आता तो 'लेव्हल टू' शब्द. अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४मध्ये शून्य ते पाच अशा पातळ्या ठरवल्या. पाच म्हणजे कुठेही, कधीही, माणसाशिवाय. पाचपैकी दोन म्हणजे चाळीस टक्के, म्हणजे पास, असा हिशेब शोरूमवाले ग्राहकाला मनातल्या मनात करू देतात. हे गुण नाहीत, बाई. दोनपर्यंत चालवणारा माणूस असतो आणि यंत्र मदतनीस असतं. तीनपासून पुढे, ठरलेल्या परिस्थितीपुरती का होईना, चालवण्याची जबाबदारी यंत्राकडे जाते. दोन आणि तीन यांच्यामधली ही रेघ ओलांडणं किती अवघड आहे बघा. मर्सिडीजला लेव्हल थ्रीची मंजुरी जर्मनीत डिसेंबर २०२१मध्ये मिळाली, तीही फक्त नेमून दिलेल्या मोटारमार्गांवर आणि ताशी ६० किलोमीटरच्या आत. होंडाने त्याच वर्षी जपानमध्ये तशी गाडी काढली, तीही जेमतेम शंभर आणि भाड्यानेच. तुमच्या शोरूममधली गाडी रेघेच्या अलीकडची आहे. तिची जाहिरात मात्र पलीकडची होते.

जाहिरातीत असं काही होतंय हे नवीन नाही. टेस्लाच्या प्रमुखाने २०१६च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं होतं, की २०१७ संपण्याआधी त्यांची गाडी लॉस एंजलिसहून न्यूयॉर्कपर्यंत स्टिअरिंगला हात न लावता जाईल. तसं झालं नाही. २०१९मध्ये सांगितलं, पुढच्या वर्षी दहा लाख रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. त्याही आल्या नाहीत. ज्या सोयीचं नाव 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' होतं, तिच्या नावापुढे २०२४मध्ये 'सुपरव्हाइज्ड' हा शब्द जोडावा लागला. जुलै २०२५मध्ये या कंपनीचं भारतातलं पहिलं शोरूम मुंबईत उघडलं, तेव्हा या सोयीसाठी वेगळे ६ लाख रुपये लावले होते आणि सोबत खुलासा होता, की चालकाने सतत लक्ष ठेवणं आवश्यक आहे, यामुळे गाडी स्वयंचलित होत नाही. सहा लाख मोठ्या अक्षरात, खुलासा बारीक अक्षरात. आपल्याकडच्या गाड्या त्या मानाने साध्या आहेत आणि त्यांचे दावेही छापील माहितीपत्रकात मोजूनमापून लिहिलेले असतात. ते काउंटरवर येईपर्यंत फुगतात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला खरं महत्त्वाचं वाटलं: ही गाडी माझी उणीव भरून काढील का? हा प्रश्न विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि बहुतेक सगळेच धरतात. ती ही, की यंत्राने थोडं काम उचललं की माणसाचं काम तेवढं हलकं होतं. इथे उलट घडतं. सोपं काम यंत्र करतं आणि अवघड क्षणी, तोही आधी न सांगता, गाडी तुमच्या हातात देतं. तोवर तुम्ही काही करत नसता, म्हणून तुमचं लक्ष भरकटलेलं असतं. कारखाने आणि विमानं यांतल्या स्वयंचलित यंत्रणांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे १९८०च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. तुम्ही वर्गात मॉनिटर नेमून ऑफिसात गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. मॉनिटर फळ्यावर नावं लिहील, पण दोन मुलांची मारामारी सुरू झाली की धावायचं तुम्हालाच, आणि तेही व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकापासून.

याचं सगळ्यात कडू उदाहरण तुमच्या मुलाच्या शेजारच्या गावातलंच आहे. फिनिक्सला लागून टेम्पी म्हणून शहर आहे. मार्च २०१८मध्ये तिथे उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित गाडीने रात्रीच्या वेळी सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला उडवलं आणि ती मरण पावली. गाडीत लक्ष ठेवायला पगारी चालक बसलेली होती. पण तिची नजर रस्त्यावर नव्हती, फोनवर होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. त्या चालकावर झाला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा (प्रोबेशन) झाली. लक्ष ठेवणं एवढंच जिचं काम होतं तिलाही ते जमलं नाही. मी तिला दोष देऊन मोकळा होणार नाही. न चालवता तासन्‌तास रस्त्याकडे टक लावून बसणं माणसाच्या स्वभावातच नाही. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने मार्च २०२४मध्ये अशा १४ यंत्रणा तपासल्या, चालकाचं लक्ष टिकवण्याची काळजी त्या किती घेतात हे बघायला. ११ यंत्रणांना 'निकृष्ट' शेरा मिळाला, समाधानकारक ठरली फक्त एक.

आता तुमचा रस्ता घेऊ.

फोंड्याहून बोरीचा पूल, राय आणि मडगाव. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, दुकानं, मधूनच थांबणारी बस. लेन सांभाळणारी यंत्रणा कॅमेऱ्याला पट्टे नीट दिसले तरच काम करते आणि बऱ्याच गाड्यांत ती ताशी साठच्या आसपास वेग गेल्यावरच जागी होते. मडगावपर्यंत ती झोपलेलीच असणार. तुम्ही एरवी चालवता तसंच चालवायचं.

मडगावच्या पुढे कुंकळ्ळी, बाळ्ळी. इथे शोरूमवाला म्हणतो तो 'क्रूझ' लावता येईल, म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर राखून चालणारा. तुमच्या गाडीने शिस्तीत अंतर राखलं की त्या अंतरात स्कूटर शिरते. गाडी ब्रेक लावते. स्कूटर बाजूला होते, गाडी पुन्हा वेग घेते, मग भाड्याच्या बाइकवरचे दोन पर्यटक गुगल मॅपकडे बघत मध्येच येतात, पुन्हा ब्रेक. तुमच्यामागे टिप्पर असेल तर त्याच्या ड्रायव्हरला तुमच्या गाडीचं हे मनस्वी वागणं आधी कळणार नाही. एका मर्यादेचा उल्लेख तर जवळपास प्रत्येक मॅन्युअलमध्ये असतो: वेगात असताना पुढे थांबून राहिलेलं वाहन यंत्रणेला ओळखता येईलच असं नाही. कारण साधं आहे. रडारला रस्त्याकडेचे फलक, पुलाचे कठडे, सगळंच 'थांबलेलं' दिसतं. प्रत्येक वेळी ब्रेक लागू नये म्हणून थांबलेल्या वस्तूंकडे बऱ्याच यंत्रणा काणाडोळा करतात. हायवेच्या कडेला पार्किंग लाइट न लावता उभा केलेला ट्रक आपल्याकडे किती वेळा दिसतो, ते मी सांगायला नको.

मग करमल घाट, तुमच्या भीतीचं ठिकाण. वळणावर पुढची गाडी रडारच्या नजरेबाहेर जाते. यंत्रणेला वाटतं रस्ता मोकळा झाला आणि ती वेग वाढवते, नेमकं वळणाच्या तोंडावर. हीसुद्धा मॅन्युअलमध्ये लिहिलेली मर्यादा आहे. समोरून ओव्हरटेक करत तुमच्याच बाजूला येणारी बस हा घाटातला खरा धोका, आणि आपत्कालीन ब्रेकची बहुतेक रचना आपल्याच दिशेने जाणाऱ्या वाहनामागे आदळू नये म्हणून केलेली असते, समोरासमोरच्या धडकेसाठी नव्हे. पावसाळ्यात रस्त्यावर येऊन बसणाऱ्या गुरांचंही तेच. कॅमेऱ्याला गाड्या, माणसं, सायकली ओळखायला शिकवलेलं असतं. काळोखात बसलेली काळी म्हैस त्यात धरलेली असेलच, याची हमी मी तरी कुठल्या माहितीपत्रकात वाचली नाही. मुसळधार पावसात काच धूसर झाली किंवा बंपरवर लाल चिखल बसला, की डॅशबोर्डवर 'यंत्रणा सध्या उपलब्ध नाही' असा संदेश येतो. म्हणजे जून ते सप्टेंबर, जेव्हा तुम्हाला मदतीची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच मदतनीस रजेवर जायची शक्यता जास्त.

आणि शेवटी काणकोणचा बायपास. रुंद रस्ता, वळणं सौम्य, दोन नद्यांवर पूल. अशाच ठिकाणी ही यंत्रणा बरी चालते. पण इथे तुम्हाला तिची गरजच काय?

तर बाई, तुमची भीती जुनाट नाही. ती नेमक्या जागी आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्या सुट्या केल्या की पुढचं सोपं होतं.

घाटाची भीती ही सवय नसल्याची भीती आहे. इतकी वर्षं तुम्ही तो घाट शेजारच्या सीटवरून पाहिला. ती सवय शिकून येते, वय ६६ असलं तरी. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमधला एखादा शांत स्वभावाचा शिक्षक ठरवा, स्वतःच्या गाडीत, पावसाळ्याआधी, सकाळच्या वेळी. आधी बोरी-मडगाव, मग बाळ्ळीपर्यंत, मग घाट वर आणि खाली. लायसन्स नव्याने काढायचं नाही, त्यामुळे त्याला स्पष्ट सांगा, की मला परीक्षेसाठी नको, करमलसाठी शिकवा. घाटात गिअर बदलण्याची कटकट हेच भीतीचं मोठं कारण असेल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या. चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी मागे न घसरू देणारी सोय असलेली घ्या. तुमच्यासाठी या दोन गोष्टी अख्ख्या अडासपेक्षा जास्त मोलाच्या आहेत, असं माझं ठाम मत आहे.

रात्रीचं मात्र वेगळं. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का, पाऊस आणि दिवे एकत्र आले की रस्त्याची कड दिसेनाशी होते का? तसं असेल तर हा प्रश्न शोरूमचा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरचा. मोतीबिंदू सुरुवातीला बऱ्याचदा असाच कळतो. रात्रीच्या नजरेची उणीव गाडीचा कॅमेरा भरून काढील, हा समज तर सोडूनच द्या. पायी चालणाऱ्यांना ओळखून ब्रेक लावणाऱ्या यंत्रणांची चाचणी अमेरिकेच्या मोटार संघटनेने २०१९मध्ये घेतली, तेव्हा रात्रीच्या अंधारात त्या निरुपयोगी ठरल्या. त्यानंतर सुधारणा झाल्या आहेत, पण आपल्या डोळ्यांना दिसत नाही ते गाडीला दिसेल या भरवशावर निघावं इतक्या नाहीत.

आणि मुळात रात्री परतायचं कशाला? रागावू नका, पण हे मला विचारायचंच होतं. त्याच दिवशी परतायचं हा शिरस्ता यजमान असतानाचा. त्यांचं काही काम असेल, दुसऱ्या दिवशी तुमची शाळा असेल. आता शाळा नाही. बहीण एकटी, तुम्हीही एकट्या. लोलयेला मुक्काम करा, सकाळी ऊन वर आलं की निघा. घरी काही अडचण असेल, कुत्रं असेल, देवाची दिवाबत्ती असेल, तर ती सोय लावायला शेजारीण पुरे. त्यासाठी अडीच लाख जास्तीचे मोजून गाडी घ्यायला नको. तातडीने रात्री निघायची वेळ आलीच तर फोंड्यातला एखादा ओळखीचा टॅक्सीवाला आत्ताच ठरवून ठेवा. ऐनवेळी गोव्यात टॅक्सी शोधणं आणि दर ठरवणं ही कसरत तुम्हाला माहीत आहेच. वर्षाला अशा किती रात्री येतील? फरकाच्या पैशांत त्या अनेक वर्षं निघतील.

एवढं सगळं बोललो म्हणून अडासमध्ये काहीच दम नाही असं समजू नका. त्यात दोन प्रकारची कामं एकत्र बांधलेली असतात आणि त्यांची किंमत सारखी नाही. एक, धडक होणारच असं दिसल्यावर ब्रेक लावणं किंवा आधी इशारा देणं. दुसरं, तुमच्या जागी गाडी चालवत राहणं. पहिल्याचा उपयोग सिद्ध झाला आहे. मी वर सांगितलेल्या त्याच विमा संस्थेच्या अभ्यासात आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांच्या, पुढच्या वाहनावर मागून आदळण्याच्या घटना जवळपास निम्म्या झालेल्या दिसल्या. अमेरिकेने तर सप्टेंबर २०२९पासून प्रत्येक नव्या गाडीत तो ब्रेक सक्तीचा करायचं एप्रिल २०२४मध्ये ठरवलं. दुसऱ्या प्रकाराने, म्हणजे स्वतः स्टिअरिंग सांभाळत चालण्याने, अपघात कमी होतात असा पुरावा त्याच संस्थेला सापडला नाही. शोरूममध्ये व्हिडिओ दाखवतात तो नेमका दुसऱ्या प्रकाराचा. कारण न झालेल्या अपघाताचा व्हिडिओ कसा दाखवणार?

म्हणून माझ्या मते क्रम असा असावा. ऑटोमॅटिक गिअर, चांगले हेडलाइट, सहा एअरबॅग, घसरताना गाडी ताब्यात ठेवणारी स्थिरता यंत्रणा आणि भारत एनकॅपची, म्हणजे गाड्या आदळवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीची, चांगली श्रेणी आधी बघा. त्यातलं बरंचसं मधल्या मॉडेलमध्येच मिळतं. एवढं झाल्यावर मुलाचे पैसे उरत असतील आणि त्याची इच्छा मोडवत नसेल, तर आपत्कालीन ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉटच्या, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या, इशाऱ्यासाठी टॉप मॉडेल घ्या, आनंदाने घ्या. घेतल्यावर लेन सांभाळणारी सोय सुरुवातीला बंद ठेवा. अरुंद रस्त्यावर सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला जागा देण्यासाठी तुम्ही स्टिअरिंग वळवता आणि गाडी ते परत ओढते, हा अनुभव नवशिक्याला घाबरवतो. क्रूझ तर घाटात आणि पावसात लावूच नका. आणि एक खर्च आधी विचारून घ्या, कारण तो कुणी आपणहून सांगत नाही: पुढची काच बदलली तर कॅमेरा, आणि बंपर घासला तर रडार पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. त्याचे किती, आणि ते काम फोंड्यात होतं की पणजीला न्यावं लागतं? विमा घेताना हा खर्च त्यात धरला आहे का, हेही लेखी घ्या.

हे पत्र छापायला घेतलं, कारण अशाच पेचात बाकीचेही आहेत. काहींच्या वडिलांना आता गाडी झेपत नाही, पण चावी सोडवत नाही, आणि 'अडास घेऊन देतो' ही मुलांची पळवाट असते. त्यांच्यासाठी उत्तर याहून कडक आहे. ज्या माणसाची प्रतिक्रिया मंदावली आहे, त्याच्या हाती असं यंत्र देऊ नका, जे अवघड क्षणी गाडी त्याच्याच हवाली करतं. उलट जो माणूस रोज मोपा ते पणजी हायवेने धावतो, सावध आहे आणि नीट चालवतो, त्याला याचा फायदा खराच होईल.

राहिला तुमचा मुलगा. त्याला नाही म्हणायची गरज नाही, त्याला काम द्या. तुम्हाला पसंत पडलेल्या मॉडेलचं ओनर्स मॅन्युअल इंटरनेटवर सहसा मिळतं. ते त्याने काढावं आणि अडासच्या प्रकरणातली 'ही यंत्रणा पुढील परिस्थितीत काम करणार नाही' अशी सुरू होणारी पानं एका रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यासोबत वाचावीत. प्रत्येक ओळीला तुम्ही सांगत जा, हे आपल्या रस्त्यावर कुठे घडतं. तो फोंड्यात वाढलेला आहे, करमल विसरला नसेल. वाचून झाल्यावरही त्याला टॉप मॉडेलच हवं असेल, तर तो निदान कशासाठी पैसे देतोय हे जाणून देईल. लायसन्सची मुदतही एकदा बघून घ्या. ५५ वर्षांनंतर ते पाच-पाच वर्षांसाठीच वाढतं आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे डोळ्यांची तपासणी त्याच फेरीत होईल.

आणि टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या आवारातून हायवेवर आणि परत, अशी घेऊ नका. फोंडा ते मडगाव मागा, संध्याकाळी साडेसहाला, गर्दीत, सेल्समनला शेजारी बसवून. ज्याने "तुम्ही नुसतं बसायचं" म्हटलं त्यालाच सांगा, की आता आधी तू ड्रायव्हरच्या सीटवर नुसता बसून दाखव. तेवढ्या लांबची टेस्ट ड्राइव्ह देत नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूममध्ये जा, मडगावात पुष्कळ आहेत.